घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक नाक: चार गॅस सेन्सर, एक डबा आणि इडलीचं पीठ

कॅमेरा आणि मायक्रोफोन आपल्या खिशात येऊन कितीतरी वर्षं झाली, बोटाचा दाब ओळखणारे सेन्सरही सहज मिळतात, पण वास घेणारं यंत्र म्हटलं की अजूनही लोक चकित होतात. त्याला कारण आहे. प्रकाशाचा रंग तरंगलांबीवरून सांगता येतो, आवाजाची पट्टी कंपनसंख्येवरून, वासाला मात्र अशी एक मोजपट्टीच नाही. नुसत्या कॉफीच्या वासात शेकडो प्रकारचे रेणू असतात, त्यातला नेमका कुठला मोजणार?

बहुतेकांचं काय होतं तर एक एमक्यू सेन्सर (वायू ओळखणारा स्वस्त सेन्सर) आणतात, आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) लावतात, स्क्रीनवर आकडा वरखाली होताना बघतात आणि दोन दिवसांनी तो सेन्सर ड्रॉवरमध्ये जातो, कारण परफ्यूम धरा नाहीतर लायटरचा गॅस धरा, आकडा वरच जातो. सेन्सर काही खराब नसतो. एकट्या सेन्सरला वास ओळखताच येत नाही, आणि गंमत म्हणजे आपल्या नाकातल्या एकट्या ग्राहीलाही (वासाचे रेणू पकडणाऱ्या रिसेप्टरलाही) येत नाही. माणसाच्या नाकात वासाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत. एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो, एक रेणू अनेक ग्राहींना जागं करतो, आणि मेंदू ओळखतो तो हा सगळा नमुना. ग्राहींचं हे जनुक-कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधलं आणि २००४ चं नोबेल मिळवलं. पण त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा पर्सौद आणि जॉर्ज डॉड यांनी मोजून तीन गॅस सेन्सर वापरून दाखवलं होतं, की प्रत्येक सेन्सर ढोबळ असला तरी तिघांच्या प्रतिसादांचं गुणोत्तर बघितलं तर वास वेगळे ओळखता येतात. आपण घरी तेच करायचंय, फक्त सेन्सर चार.

कामही घरातलंच घेऊ: इडलीचं पीठ आंबलं की नाही हे नाकाने सांगायचं. थंडीत नाशिक-पुण्याकडे हा प्रश्न रोज सकाळी पडतो, आणि पीठ आंबताना इथेनॉल, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असे उडणारे पदार्थ तयार होतात, म्हणजे सेन्सरला पकडायला काहीतरी असतं.

आधी सेन्सरच्या पोटात काय चालतं ते

एमक्यू सेन्सरच्या जाळीखाली एका बारीक नळीवर टिन ऑक्साइडचा थर असतो आणि आत हीटर. ही कल्पना जपानच्या नाओयोशी तागुची यांची, १९६२ ची, घरातली गॅसगळती ओळखण्यासाठी काढलेली. तापलेल्या टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून स्वच्छ हवेत रेझिस्टन्स जास्त. अल्कोहोल, एलपीजी, अमोनिया असं काही आलं की ते त्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन करतं, इलेक्ट्रॉन सुटतात, रेझिस्टन्स खाली येतो. बस, एवढंच. म्हणजे ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन करणारं जवळजवळ काहीही आलं तरी सेन्सर हलणार.

म्हणून एमक्यू-३ वर 'अल्कोहोल सेन्सर' लिहिलंय म्हणून तो फक्त अल्कोहोल ओळखतो असं समजू नका. आणि एमक्यू-१३५ वरून कार्बन डायऑक्साइडचे पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) काढणारे कोड इंटरनेटवर ढिगाने आहेत, त्यांच्यावर अजिबात भरवसा ठेवू नका, त्यासाठी इन्फ्रारेडवर चालणारा सेन्सर लागतो.

सामान

एमक्यू-२, एमक्यू-३, एमक्यू-८ आणि एमक्यू-१३५ ची मॉड्यूल घ्या, प्रत्येक साधारण शे-दोनशे रुपयांच्या आसपास. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. ही चारच का? एमक्यू-२ जळणाऱ्या वायूंना आणि धुराला, एमक्यू-३ अल्कोहोलला, एमक्यू-१३५ अमोनियासारख्यांना जास्त हलतो, आणि एमक्यू-८ मुख्यतः हायड्रोजनचा असल्यामुळे अल्कोहोलला तुलनेने थंड असतो. जो सेन्सर बाकीच्यांपेक्षा वेगळं वागतो तोच नमुन्यात सगळ्यात जास्त माहिती देतो, त्यामुळे एकाच प्रकारचे चार घेऊन काही उपयोग नाही. एमक्यू-७ सुरुवातीला टाळा, त्याच्या हीटरला ६० सेकंद ५ व्होल्ट आणि ९० सेकंद १.४ व्होल्ट असं चक्र द्यावं लागतं, उगाच डोक्याला ताप.

याशिवाय आर्डुइनो ऊनो, तापमान आणि आर्द्रतेसाठी डीएचटी-२२, ५ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर, छोटा डीसी एअर पंप आणि त्याला वेगळा अ‍ॅडाप्टर, मत्स्यालयाच्या दुकानातून नळी, टी-जोड, हाताने फिरवायचा तीन-मार्गी व्हॉल्व्ह आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचे दाणे, दोन काचेच्या बरण्या, घट्ट झाकणाचा अर्ध्या लिटरचा स्टीलचा डबा.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: सिलिकॉन नको. सिलिकॉनचा वाफारा टिन ऑक्साइडवर बसला की सेन्सर कायमचा बधिर होतो. सिलिकॉन सीलंट नको, मऊ दुधी रंगाची सिलिकॉनची नळी नको (थोडी कडक, पारदर्शक पीव्हीसीची घ्या), डब्याच्या झाकणात सिलिकॉनची रिंग असेल तर ती काढा, आणि त्या खोलीत हेअर स्प्रे मारू नका. भोकं बंद करायला एम-सील वापरा आणि दोन दिवस मोकळ्या हवेत वाळू द्या.

जोडणी

प्रत्येक हीटर साधारण १५० मिलिअँपिअर खातो, चार मिळून ६०० झाले, आणि लॅपटॉपचा साधा यूएसबी पोर्ट ५०० चा. म्हणजे सेन्सरना आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून वीज द्यायची नाही, अ‍ॅडाप्टरवरून द्यायची, आणि अ‍ॅडाप्टरचा ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडायचा. हा ग्राउंड जोडायला विसरलात तर आकडे वेड्यासारखे नाचतील. ब्रेडबोर्डवरून एवढा करंट नेऊ नका, स्क्रू टर्मिनल वापरा. चालू करताना आधी यूएसबी लावा, मग अ‍ॅडाप्टर.

मॉड्यूलवर दोन आउटपुट असतात. डीओ (डिजिटल) म्हणजे फक्त हो-नाही, आणि मॉड्यूलवरचा स्क्रूसारखा फिरणारा निळा पॉट (बदलता रेझिस्टर) फक्त त्याचीच पातळी ठरवतो, त्यामुळे तो कितीही फिरवला तरी आपल्या रीडिंगवर काही फरक पडत नाही. आपल्याला एओ (अ‍ॅनालॉग) हवा. चार एओ आर्डुइनोच्या ए-० ते ए-३ पिनना. ए-४ ला अ‍ॅडाप्टरचे ५ व्होल्ट, पण सरळ नाही, १० किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर लावून निम्मे करून. याने सेन्सरला खरोखर किती व्होल्ट मिळतायत ते प्रत्येक रीडिंगबरोबर कळतं, कारण अ‍ॅडाप्टर आणि यूएसबी दोघांचे '५ व्होल्ट' कधीच तंतोतंत सारखे नसतात. डीएचटी-२२ कुठल्याही डिजिटल पिनवर.

आता मॉड्यूल उलटं करून लोड रेझिस्टर (सेन्सरच्या जोडीला लावलेला ठरावीक रेझिस्टर, एओचं व्होल्टेज याच्यावरच मोजलं जातं) बघा. बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर तो '१०२' म्हणजे १ किलोओहमचा असतो, आणि मग स्वच्छ हवेत एओचं रीडिंग इतकं कमी येतं की बारीक बदल दिसतच नाहीत. सोल्डरिंगचा हात बरा असेल तर तिथे '१०३' म्हणजे १० किलोओहम बसवा. फरक लगेच दिसतो.

हवेचा रस्ता

हा भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात आणि माझ्या मते यंत्राची निम्मी अक्कल इथेच आहे. सेन्सर उघड्यावर ठेवून त्याच्यासमोर वाटी धरली तर वाटी किती जवळ, पंखा चालू की बंद, कुणी शेजारून गेलं का, सगळं त्या आकड्यात मिसळतं. आपल्याला हुंगणं दर वेळी सारखं हवंय.

खोलीतली हवा आधी कार्बनच्या बरणीतून जाईल, तो तिच्यातले वास शोषून घेतो. पुढे टी लावून दोन फाटे करा: एक सरळ व्हॉल्व्हकडे, दुसरा नमुन्याच्या बरणीतून व्हॉल्व्हकडे. व्हॉल्व्हमधून नळी सेन्सरच्या डब्यात, आणि डब्यातून बाहेर पंप. पंप शेवटी हे महत्त्वाचं, म्हणजे तो हवा ओढेल आणि पंपाच्या रबराचा वास सेन्सरपर्यंत पोचणार नाही. चारही मॉड्यूल आणि डीएचटी-२२ डब्यात, वायरी एका भोकातून बाहेर, नळ्या जेवढ्या आखूड तेवढ्या बऱ्या कारण पीव्हीसी वास धरून ठेवते. हीटर चालू असताना पंप बंद ठेवू नका, डबा आतून तापतो आणि बेसलाइन (स्वच्छ हवेतली मूळ पातळी) सरकत राहते.

सगळं जोडून झालं की पहिल्यांदा २४ तास नुसतं चालू ठेवा. डेटाशीटमध्येच तसं दिलेलं असतं आणि ते खरंच लागतं, नवे सेन्सर पहिले काही तास सतत सरकतात. त्यानंतर रोज वापरताना अर्धा-पाऊण तास आधी चालू केलं तरी चालतं.

कोड आणि गणित

कोड अगदी साधा आहे: दर सेकंदाला पाचही पिन वाचा, प्रत्येकीची १० रीडिंग घेऊन सरासरी काढा, आर्द्रता-तापमान जोडा (डीएचटी-२२ दोन सेकंदांतून एकदाच वाचा), आणि सगळं स्वल्पविराम देऊन सीरियल पोर्टवर छापा. लॅपटॉपवर ते फाइलमध्ये साठवा.

गणितात लोक उगाच घाबरतात. पीपीएम वगैरे काढायचंच नाही. सेन्सरचा रेझिस्टन्स म्हणजे लोड रेझिस्टर गुणिले (पुरवठ्याचं रीडिंग − सेन्सरचं रीडिंग) ÷ सेन्सरचं रीडिंग. पुरवठ्याचं रीडिंग म्हणजे ए-४ ची दुप्पट. समजा पुरवठा १०२३ आला आणि स्वच्छ हवेत सेन्सर ३०० दाखवतोय, तर ७२३ ÷ ३०० = २.४१. पिठाची हवा सोडल्यावर ६०० झाला, तर ४२३ ÷ ६०० = ०.७०५. दोन्हींचं गुणोत्तर ०.२९. म्हणजे रेझिस्टन्स तीस टक्क्यांच्याही खाली आला. यात लोड रेझिस्टर वर-खाली कटून जातो, त्यामुळे तो नक्की किती किलोओहमचा आहे याची चिंता नाही. हे गुणोत्तर हाच आपला आकडा, पुढच्या कामासाठी त्याचा लॉगॅरिदम घ्या.

एक हुंगणं म्हणजे नक्की काय

दोन मिनिटं कार्बनमधली स्वच्छ हवा, मग व्हॉल्व्ह फिरवून एक मिनिट नमुना, मग परत स्वच्छ हवा, रेषा मूळ पातळीच्या पाच टक्क्यांच्या आत येईपर्यंत. याला तीन मिनिटं लागोत की दहा, थांबा. नमुना दर वेळी वजन करून ३० ग्रॅम, त्याच बरणीत, झाकण लावून १० मिनिटं ठेवून, म्हणजे वरच्या हवेत वास सारखा जमतो.

प्रत्येक हुंगण्यातून दर सेन्सरचे तीन आकडे काढा: गुणोत्तर सगळ्यात खाली कुठवर गेलं, पहिल्या २० सेकंदांत किती वेगाने घसरलं, आणि स्वच्छ हवा परत सुरू केल्यावर एका मिनिटात किती सावरलं. चार सेन्सर गुणिले तीन, बारा आकडे. हाच त्या वासाचा ठसा. सावरण्याचा आकडा बरेच जण सोडून देतात, तो सोडू नका, पृष्ठभागाला चिकटून राहणारे रेणू आणि पटकन उडून जाणारे रेणू यातला फरक बऱ्याचदा तिथेच दिसतो.

शिकवणी

पिठाकडे जायच्या आधी सोपे वास घ्या: कॉफी पावडर, पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर, जास्त पिकलेलं केळं. आणि त्यांच्याबरोबर दोन नमुने घ्यायलाच पाहिजेत: रिकामी बरणी, आणि नुसतं पाणी. पाणी कशासाठी, तर हे सेन्सर दमट हवेलाही हलतात. ओल्या पिठावरची हवा कोरड्या खोलीपेक्षा दमट असणारच, आणि यंत्र 'आंबलेलं पीठ' ओळखतंय की फक्त ओल ओळखतंय हे पाण्याच्या नमुन्याशिवाय कळणारच नाही. पावसाळ्यात कोकणात हे करणार असाल तर डीएचटी-२२ चा रकाना रोज बघा.

नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आधी सगळी कॉफी, मग सगळं व्हिनेगर असं केलंत तर दुपारपर्यंत सेन्सर थोडे सरकलेले असतात आणि कॉम्प्युटर वासाऐवजी सकाळ-दुपार शिकून बसतो.

आता पीठ. रात्री वाटल्यावर लगेच, मग चार, आठ आणि बारा तासांनी नमुना घ्या (रात्री उठायचं नसेल तर सकाळी वाटा). त्याच पिठातलं थोडं एका उभ्या ग्लासात घालून बाहेरून पट्टी चिकटवा आणि किती फुगलं ते दर वेळी लिहा, बरोबर तुमच्या नाकाचं मतही लिहा: कच्चं, आंबूस, की जास्त आंबलेलं. यंत्राला शिकवायला खरं उत्तर लागतं, आणि नुसते तास पुरत नाहीत, कारण मे महिन्यातले आठ तास आणि जानेवारीतले आठ तास यात पिठाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आलेख बघाल तेव्हा साधारण असं दिसेल: ताज्या पिठाची रेषा पाण्याच्या रेषेच्या जवळपास, आणि आंबत जाईल तसा एमक्यू-३ सगळ्यात आधी खाली झुकतो, मागोमाग एमक्यू-२ आणि एमक्यू-१३५, एमक्यू-८ मागे राहतो. जास्त आंबलेल्या पिठाला रेषा आणखी खाली जाते आणि सावरायलाही वेळ लागतो.

इथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. एका दिवसाच्या पिठावर कितीही सुंदर निकाल आला तरी तो त्या दिवसापुरता. निदान पाच-सहा वेगवेगळ्या दिवसांचं पीठ हवं, डाळ-तांदळाचं प्रमाण बदललं तर तेही नोंदवून.

ओळखायला लावणं

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिची सायकिट-लर्न ही मशीन लर्निंगची लायब्ररी घ्या. आधी बाराही रकाने एकाच मापावर आणा, म्हणजे सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने (स्टँडर्ड डेव्हिएशनने) भागा. मग पीसीए करून बारा आकड्यांचे दोन करा आणि कागदावर ठिपके मांडा. कच्च्या आणि आंबलेल्या पिठाचे ठिपके डोळ्यालाच वेगळे दिसले तर पुढे जा, दिसले नाहीत तर कुठलंही भारी मॉडेल लावून उपयोग नाही, हवेच्या रस्त्याकडे परत जा. ओळखण्यासाठी के-एनएन पुरेसं आहे: नवा ठिपका ज्या तीन ठिपक्यांच्या सगळ्यात जवळ, त्यांचं बहुमत. इतक्या थोड्या डेटावर न्यूरल नेटवर्क लावायचा मोह टाळा.

परीक्षा घेताना एक आख्खा दिवस बाजूला ठेवा. बाकीच्या दिवसांवर शिकवा (मापावर आणायची सरासरीसुद्धा त्याच दिवसांची) आणि बाजूला ठेवलेल्या दिवसावर तपासा, असं प्रत्येक दिवसाबाबत आळीपाळीने. सगळे नमुने एकत्र ढवळून त्यातले वीस टक्के परीक्षेला काढलेत तर निकाल छान दिसेल आणि पुढच्या आठवड्यात यंत्र तोंडावर पडेल, कारण एकाच दिवसाचे नमुने एकमेकांसारखेच असतात. मोठमोठे प्रयोगही इथेच अडतात. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १६ सेन्सरांनी ३६ महिन्यांत सहा वायूंची १३,९१० मोजमापं घेतली ती खास हे सरकणं अभ्यासायलाच, आणि तो डेटा यूसीआयच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन) ऑनलाइन डेटा-संग्रहात सगळ्यांना मोफत मिळतो. स्वतःचे सेन्सर यायच्या आधी त्याच्यावर हात बसवून घ्या, फार शिकायला मिळतं.

याच्याकडून काय मागू नये

मोगऱ्याचा मंद वास, हिंगाची प्रत, असलं काही याला जमणार नाही, एमक्यू सेन्सरला हवेत दहा लाखांत दहा-वीस तरी भाग लागतात आणि आपलं नाक काही पदार्थ अब्जात एक भाग असला तरी पकडतं. सिलिंडरच्या गॅसमध्ये इथाइल मरकॅप्टन मिसळतात ते याच भरवशावर, मूळ एलपीजीला वास नसतोच. म्हणून गॅसगळतीसाठी या घरगुती यंत्रावर अवलंबून राहू नका आणि तपासायला सिलिंडरचा गॅस, पेट्रोल किंवा थिनर डब्यात सोडू नका, आत चार तापलेले हीटर आहेत. घरात गॅसचा वास आलाच तर बटणं चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर, १९०६ ला, फोन करा. दारू पिऊन गाडी चालवता येईल का हे एमक्यू-३ ला विचारणं तर सोडूनच द्या, भरवशाच्या श्वास-तपासणी यंत्रात फ्युएल सेल असतो.

योग्य जागी मात्र हीच पद्धत कामाला येते. कोलकात्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने काळ्या चहाचा वास पारखायला असंच सेन्सरांच्या संचाचं इलेक्ट्रॉनिक नाक विकसित केलंय, तिथेही मूळ कल्पना हीच, सेन्सर आणि हवेची व्यवस्था जास्त काटेकोर.

निगा

रोज काम सुरू करताना एक ठरलेला नमुना हुंगवा: एक चमचा व्हिनेगर, नऊ चमचे पाणी, तीच बरणी, तीच १० मिनिटं. त्याचे बारा आकडे वहीत लिहीत जा. पहिल्या आठवड्याच्या तुलनेत पाव भागाहून जास्त फरक पडला की आधी कार्बन बदला, मग नळ्या बदला, तरीही फरक राहिला तर नव्या दिवसांचे नमुने घेऊन मॉडेल परत शिकवा. एकच सेन्सर मंदावलाय आणि बाकी तीन ठीक आहेत असं दिसलं तर तोच बदलायचा, पण नवा लावल्यावर परत २४ तास तापवायचा आणि त्या सेन्सरचा जुना डेटा वापरायचा नाही, कारण एकाच पाकिटातले दोन एमक्यू-३ सुद्धा सारखे निघत नाहीत.

हे सगळं नीट चालायला लागलं आणि पुढे जायचं असेल तर बॉशचा बीएमई-६८८ हा सेन्सर बघा, त्यात एकाच हीटरचं तापमान बदलत नेऊन एकाच सेन्सरकडून अनेक सेन्सरांसारखे प्रतिसाद काढता येतात, आणि आर्द्रता-तापमान त्यातच मिळतं. त्याला ३.३ व्होल्ट लागतात, त्यामुळे ऊनोवर लावताना लेव्हल शिफ्टर (५ आणि ३.३ व्होल्टच्या सिग्नलांचा मेळ घालणारा भाग) असलेलं मॉड्यूलच घ्या.